भाड्याची पाठ

बायसून, १४ ऑक्टोबर

चिरंजीव नोदिर,

बापाचा सलाम घे, डोक्यावर हात ठेवलाय असं समज. सूनबाई मोहिराला आशीर्वाद सांग आणि नातवाचा गालगुच्चा माझ्या वतीनं तूच घे.

इकडे ठीक चाललंय. डाळिंबं यंदा फुटायच्या आत उतरवली. तुझ्या बहिणीच्या, सेवाराच्या लग्नाच्या गाद्या भरून झाल्या, अंगणात चुली मांडल्या, पलोव शिजवणारा आचारी ठरला. व्याही माणसं बरी आहेत, बोलतात फार, पण बरी आहेत. तुझ्या आईची तब्येत चांगली आहे. फक्त मंगळवारपासून ती माझ्याशी बोलत नाही. चहा आणते, पेला जरा आपटून ठेवते आणि जाते. का ते पुढे येईलच.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र तुर्सुनच्या गाडीतून पाठवतोय. तो ताश्कंदची गिऱ्हाइकं घेऊन निघालाच आहे. त्याला बजावलंय, हातात दे, दाराशी ठेवून येऊ नकोस. माझं अक्षर म्हणजे चिखलातून कोंबडी गेलेली, तेव्हा सावकाश वाच.

गेल्या उन्हाळ्यात तू घरी आलास ते आठवतंय का? मला आठवतंय. जेवायला दस्तरखानावर बसला होतास, खिशात फोन वाजला आणि हातातली भाकर खाली पडली. नखं कुरतडून बोटं सोललेली. छातीत धडधडतं म्हणून गोळ्या चालू होत्या. पहाटे मी नमाजाआधी वुजूला उठलो तर तू तंदूरपाशी उकिडवा बसलेला. विचारलं काय झालं, तर म्हणालास, "काही नाही बाबा, ऑफिसचं." सिमेंटच्या कंपनीत माल वेळेवर पोचला नाही की शिव्या खायला तुला बसवलाय, एवढं मला कळत होतं. दिवसभर गिऱ्हाइकांच्या खा आणि संध्याकाळी साहेबाच्या खा. माणूस आहे की उकिरडा?

तेव्हा तुला आखाड्यात नेणारा मीच. तुझ्या कमरेला कुस्तीचा जुना पट्टा बांधला. एक हात समोरच्याच्या पट्ट्यात, दुसरा त्याच्या कॉलरीला, म्हटलं आता फोन धरायला हातच उरला नाही, बघ कसं वाटतं. तू हसलास. कित्येक महिन्यांनी हसलास. जाताना तो पट्टा पिशवीत घालून घेऊन गेलास.

ताश्कंदला जाऊन तू ऑफिसातली चार पोरं जमवलीस, संध्याकाळी कंपनीच्या एका बंद गोदामात जुन्या सतरंज्या टाकून झोंबायला लागलास. मोहिरा फोनवर सांगायची, बाबा, आता जेवतात, झोपतात, पोराला पाठीवर घेऊन घरभर फिरतात. गोळ्या सुटल्या. मी चायखान्यात बसून सगळ्यांना ऐकवायचो, डॉक्टरला जमलं नाही ते आमच्या पट्ट्यानं केलं. फुशारकी मारायची मला सवयच आहे, तुझी आई सांगेल. म्हणजे बोलायला लागली तर सांगेल.

मग तुझ्या बहरोम साहेबाला ते कळलं. चांगल्या गोष्टीला दृष्ट लागते ती अशी. सतरंज्या गेल्या, हिरव्या गाद्या आल्या. अंगरख्यांच्या पाठीवर कंपनीचं नाव आलं. आपणहून येणारी चार पोरं होती, आता सगळ्यांनी यायचंच, शुक्रवारी, कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी. आणि त्या आरोग्यासाठी साहेब स्वतः पट्टा बांधून उभा. त्याच्यावरही वरून कुणी ओरडत असणार, त्यालाही कुठंतरी ओकायचंच असणार. सोमवार ते गुरुवार तोंडानं ओकायचा, शुक्रवारी हातानं ओकायला लागला.

हे तू मला सांगितलं नाहीस. मला होणाऱ्या जावयानं दाखवलं.

चायखान्यात बसलो होतो. त्या बिचाऱ्याला वाटलं, सासऱ्याला आनंद होईल. फोन पुढे केला, म्हणाला, बघा, आपल्या नोदिर-अकाचा व्हिडिओ. शेजारी जुना पैलवान होलबेक होता, बाकीचे म्हातारे होते, सगळे वाकले. साहेबानं तुला उचलून टाकलं आणि खाली लिहिलं होतं, बायसूनच्या पैलवानाच्या पोराची पाठ लावली.

नोदिर, मी आयुष्यभर कुस्त्यांचा पंच राहिलो. पाठ चोख लागली तरच माझ्या तोंडून "हलोल" निघतं. त्यानं ओढायच्या आधीच तुझी टाच सुटली होती. तू श्वासही आधीच सोडलास, आपटताना लागू नये म्हणून. तो श्वास मीच शिकवलाय तुला. मी ते पाहिलं आणि होलबेकनंही पाहिलं. तो आपला मिशीत हसला आणि म्हणाला, "एश्मुरोद, पोरानं पाठ भाड्यानं दिली वाटतं."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार होतो? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

तू म्हणशील, बाबांना आपल्या नाकाचं पडलंय. पडलंयच. खोटं कशाला बोलू? पण घरी येऊन मोहिराला फोन लावला, तेव्हा ती आधी बरंय म्हणाली आणि मग रडायला लागली. गोळ्या परत सुरू झाल्या म्हणाली. शुक्रवार उजाडला की तुला सकाळी ओकाऱ्या होतात म्हणाली. पट्टा कपाटाच्या वर टाकलाय आणि पोरगा मागतो तर तू त्याच्यावर खेकसतोस. त्या जागेत तू कुणाचा नोकर नव्हतास, बाळा. तेवढी एकच जागा होती आणि तिथंही ऑफिस शिरलं. हे ऐकल्यावर मला होलबेकचं काही वाटेना.

तू लहान असताना मी तुझ्यासाठी पडायचो. आठवतंय? अंगणात तू माझा पट्टा धरायचास, मी धाडकन पडायचो, तू माझ्या पोटावर बसून ओरडायचास. पोर मोठं व्हावं म्हणून बाप पडतो. तो बहरोम तुझं पोर आहे का?

आता ते मंगळवारचं लिहितो. इतका वेळ इकडचं तिकडचं लिहीत बसलो, ते यासाठीच.

मंगळवारी सेवाराच्या फोनवर त्या बहरोमचा फोन आला. फार अदबीनं बोलला, खोटं कशाला सांगू. म्हणाला, बाबा, तुमच्या मुलीच्या लग्नाला मी येणार, लग्नाच्या आखाड्यासाठी बक्षिसाचा मेंढा माझ्याकडून. आणि एक हौस आहे, तुमच्या गावासमोर माझी आणि नोदिरची कुस्ती व्हावी. पंच तुम्हीच.

म्हणजे तू माझ्या अंगणात, तुझ्या बहिणीच्या लग्नात, सगळ्या बायसूनसमोर आपणहून पडणार आणि "हलोल" म्हणून मी ओरडायचं. तुला हे ठाऊक होतं का? ठाऊक होतं म्हणूनच फोन उचलत नाहीस, हो ना?

मी त्याला म्हटलं, "साहेब, तुम्ही पाहुणे म्हणून या, डोक्यावर बसवीन. पण कुस्ती नको. माझा पोरगा तुमच्यासाठी पडतो."

तो हसला. मला वाटलं, थट्टा समजला. मग त्यानं विचारलं, "प्रत्येक वेळी?"

अगदी लहान आवाजात विचारलं रे. त्या क्षणी मला त्याची दयासुद्धा आली. अडीच मणाचा माणूस, त्याला इतके दिवस खरंच वाटत होतं. मी म्हटलं, "प्रत्येक वेळी." त्यानं सलाम न करता फोन ठेवला.

तुझ्या आईनं हे चुलीपाशी उभं राहून ऐकलं. एवढंच म्हणाली, "तुमचं नाक राहिलं वर. आता नातवाच्या दुधाचं तुम्हीच बघा." त्यानंतर बोललेली नाही.

नोकरी आहे की गेली, मला माहीत नाही. बहुतेक गेली असेल. तुला न विचारता तुझ्या पोटावर मी पाय दिला, असं तू म्हणू शकतोस. उद्या तुला दुसरं काम मिळालं नाही, भाडं थकलं, मोहिरा तोंड फिरवून बसली, तर त्याचं खापर माझ्यावर फोड. मी माफी मागणार नाही. मागितली तर ती खोटी होईल, आणि खोटं पडणं आपल्या घरात आता पुरे झालं.

पण एक सांगतो. तू दहा वर्षांचा झालास त्या दिवशी मी पडायचं थांबवलं. तू रोजच्यासारखा पट्टा धरलास, ओढलंस आणि मी हललोच नाही. मग तुला उचलून जमिनीवर ठेवलं. तू संध्याकाळपर्यंत रडलास, म्हणालास, तुम्ही आता माझे बाबा नाही. तुझी आई तेव्हाही माझ्याशी बोलत नव्हती, तेव्हाही पेला असाच आपटायची. त्यानंतरच तू पैलवान झालास.

तुर्सुन बुधवारी परत निघतो. मोहिराला आणि पोराला घेऊन त्याच्याबरोबर ये. कपाटावरचा पट्टा आण. लग्नाच्या आखाड्याची माती मी स्वतः चाळून ठेवली आहे, खडा राहिलेला नाही. पहिली कुस्ती तुझी आणि माझी, आणि पंच होलबेक. त्यानं पाठ भाड्याची म्हटलं ना, आता त्यानंच बघावं.

माझे गुडघे वाजतात, दमही राहिलेला नाही. म्हातारा म्हणून दया दाखवलीस तर मला कळेल. राग घेऊन ये, सगळा घेऊन ये, त्या ऑफिसचाही आणि माझाही. आणि माझी पाठ लाव. लावल्यावर हात देऊन उठवायचं की नाही, ते तुझं तू ठरव.

पूर्वी तुझ्यासाठी पडणारा आणि या वेळी मुळीच न पडणारा,
तुझा बाप
एश्मुरोद