खोर फक्कानचा गहवा

दाभोळ,
२० फेब्रुवारी १९६८

चि. हनीफ यास,
आपाचा सलाम आणि तोंडभर दुवा. वि. वि.

घरी सगळे खुशाल, पण तुझ्या दाजींचं डोकं फिरलंय. गोदीतलं काम सुटल्यापासून दुबईचाच जप चाललाय. कागदपत्र नाहीत. हमीद तांडेलाने भरवून दिलंय की लाँच तिथल्या खोर फक्कानच्या किनाऱ्याला लागते, डोंगर ओलांडला की दुबई. मी अबोला धरून पाहिला, तर त्यांनी तेवढाच आराम करून घेतला! परवा निघालेसुद्धा.

तू तिथल्या फौजेत कारकून आहेस. किनाऱ्यावर पहारा कुणाचा असतो, सापडलेल्या माणसाचं काय करतात, ते कळव. पकडलेल्याला भर समुद्रात उतरवतात म्हणे. हा माणूस विहिरीत वाकून बघायला घाबरतो. दुबईत असो की दाभोळात, मला माझा नवरा धडधाकट हवा.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
साजिदाआपा

शारजा,
१४ मार्च १९६८

ति. आपास,
हनीफचा सलाम. वि. वि.

दाजी सुखरूप आहेत. तुझं पत्र आलं आणि पाठोपाठ दाजीच आले, फौजेच्या ट्रकमधून.

पहारा कुणाचा, हे सांगणं अवघड आहे. चार वर्षांत इथून निघतो, असं इंग्रजांनी जानेवारीत जाहीर केलं. तेव्हापासून इथल्या शेखांच्या बैठका चालल्यात, की सगळ्यांची मिळून एक फौज कशी उभारायची आणि बाहेरच्याला आत घ्यायचा नियम कोणता. इंग्रजाला प्रत्येक माणसामागे कागद हवा. बंदरवाल्याला वाटतं, दार लावलं तर धंदा बसेल. वाळवंटातल्याला धास्ती शेजाऱ्याच्या बंदुकीची, लाँचमधल्या मजुराची नाही. आणि डोंगरातल्या शिपायाला दारी आलेला पाहुणा हाकलणं म्हणजे नामुष्की. चौकी एकच, पण पहारा ज्याच्या त्याच्या आजोबाच्या रीतीचा.

म्हणूनच दाजींचं नशीब उघडलं होतं गं! त्यांना पकडलं खल्फान नावाच्या डोंगरी शिपायाने. त्याने आधी गहवा पुढे केला, म्हणजे इथली कडू कॉफी. दाजींनी आपल्या दाभोळी रीतीने संकोच केला, कशाला त्रास म्हणत पेला तसाच खाली ठेवला. इथे पाहुण्याने पेला न पिता ठेवला, तर त्याचं काही मागणं आहे असं धरतात, आणि यजमानाला ते शक्यतो पुरवावंच लागतं. खल्फान सावरून बसला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, की काय पाहिजे ते माग. पुढे जाऊ दे एवढं म्हटलं असतं, तरी त्याने डोंगराची वाट दाखवली असती. हे त्यानेच मला हळहळत सांगितलं.

दाजींनी चहा मागितला. आलं घालून.

खल्फानने आलं नाही म्हणून माफी मागितली आणि चहा करून दिला. मागणं पुरं झालं, खलास! मग आमच्या इंग्रज साहेबाच्या हुकुमाप्रमाणे दाजींना इथे आणलं. साहेब त्यांना मुंबईच्या बोटीत रीतसर बसवतोय, समुद्रात कुणाला उतरवत नाहीत. हसून पोट दुखलं, पण मनातून वाईट वाटतंय. इतक्या वर्षांनी जेवायला समोर घरचं माणूस होतं.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझा,
हनीफ

दाभोळ,
१० एप्रिल १९६८

चि. हनीफ यास,
आपाचा सलाम व दुवा. वि. वि.

स्वारी पोचली. पडवीत बसून दुसरा कप मागतेय.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडले, मग हसले, मग चुलीपाशी जाऊन रडले. त्यांना विचारलं, की मागून मागून चहा काय मागितलात? तर म्हणाले, परका डोंगर, समोर बंदूक, त्या वेळी तुझ्या हातचा चहाच आठवला. बारा वर्षांत या माणसाने माझ्या चहाला कधी बरा म्हटलेलं नाही, हनीफ.

आता रीतसर कागद कर. इंग्रजांना विचार, शेखांना विचार, ज्याची रीत चालेल त्याची चालव. पण कागद माझेही कर. यांना पुन्हा कुणी काय पाहिजे म्हणून विचारलं, तर उत्तर द्यायला मी शेजारी असेन.

खल्फानभाईला सलाम सांग. आलं मी घेऊन येते.

आठवण ठेव, जिवाला जप.
तुझी,
साजिदाआपा