तांब्याची पट्टी वाटू नये

मी, चुनीलाल गिरधर पाटील, वय बावन्न, काम संस्कृत शिकवणे, मूळ गाव कळसाडी, हल्ली मुक्काम शहादा, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. कोणी दबाव आणलेला नाही, सौ. जसोदाबाईंनी फक्त चहा आणला. पुढच्या आठवड्यात पोटाचे ऑपरेशन आहे, म्हणून ही घाई.

१. राहते घर व पोस्टातली शिल्लक जसोदाबाईंची. माझ्या पोथ्या माळ्यावर टाकण्याचा हक्कही त्यांचाच. लग्नापासून त्या तो मागत आहेत.

२. कळसाडीची जमीन पुतणे दगा व धुडकू यांना निम्मी निम्मी. वाटणीत दोघे निष्णात आहेत, हे पुढे दिसेलच.

३. कर्ण्याचा आवाज वाढवण्यासाठी तांब्याच्या पट्टीवर मी आठ ट्रान्झिस्टर बसवले आहेत; ट्रान्झिस्टर म्हणजे रेडिओ नव्हे, त्यातला आवाज मोठा करणारा सुटा भाग. चार एका जातीचे, चार उलट जातीचे. आवाजाच्या लाटेचा वरचा भाग एक जात उचलते, खालचा दुसरी. जोडी तोलाची असेल तरच कर्ण्यातून स्वच्छ सूर येतो. एखादा एकटा तापला की जास्त वीज ओढतो आणि आणखी तापतो. म्हणून सगळे एका पट्टीवर, ऊब सर्वांना सारखी. उलट स्वभावांचा संसार असाच चालतो, हे जसोदाबाईंना अद्याप सांगितलेले नाही.

दिवाळीत मी इस्पितळात असताना धुडकूने एका जातीचे चारही उपसून नेले. ओळखीसाठी त्यांवर लाल ठिपके मीच लावले होते. विचारले तर म्हणाला, "काका, तुम्हले तरास नको म्हनीसन आर्धं आर्धं करी टाकं. लाल ठिपकावाला मन्हा, बाकीना दगाना."

जसोदाबाई म्हणाल्या, "जित्तेपनी वाटनी? तेरावं बी उरकी ल्या मंग."

दोन्ही वाटे मुके झाले. धुळ्याच्या कॉलेजात शिकणाऱ्या माझ्या मुलीने, रंजनाने, धुडकूकडचे चारही परत आणून सुटीभर मीटरवर एकेक मोजून जोड्या पुन्हा लावल्या. तीन जमल्या, चौथी जमली नाही. उपसताना बिघडली की आधीच बेसूर होती? शिवाय हल्ली सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक ट्रान्झिस्टर घडवतात म्हणे. दोन्ही जाती तिथे तोलाने नांदतील का? मरणापेक्षा हे न कळण्याची रुखरुख मला जास्त आहे.

४. म्हणून पट्टी, मीटर, कर्णा आणि हे दोन्ही प्रश्न रंजनाला, न तोडता. ती ते सासरी नेईल अशी तक्रार कानावर आली आहे. न्यावे.

५. धुडकूने पट्टीला ~~कधीही~~ रंजनाशिवाय हात लावू नये.

एवढे लिहून सर्वांना वाचून दाखवले. जमिनीबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. धुडकू मात्र उठेना. शेवटी म्हणाला, "काका, चौथी जोडी का बरं जमनी नही? इतला दिन संगे राहीसन?"

रंजनाने मीटर पुढे ओढले. "ये दादा, बठ. मोजीसन दखाडस."

मुक्काम शहादा, दि. ९ फेब्रुवारी १९६९
(सही) चुनीलाल गिरधर पाटील

आमच्यासमक्ष लिहून देणाराने सही केली. पाचव्या कलमातील "कधीही" हा शब्द त्यांनी आमच्यासमक्ष खोडून "रंजनाशिवाय" असा केला; ती खाडाखोड मान्य.

साक्षीदार:
(सही) डोंगरसिंग पाडवी, तलाठी, धडगाव
(सही) दलसिंग गिरासे, शिक्षक, शहादा