लाल दोऱ्याचा पेनड्राइव्ह

१८ ऑगस्ट, सोमवार
रजेवरून परत. माझा खण रिकामा. मागच्या आठवड्यात टेबलं फिरून सगळे पेनड्राइव्ह जमा केले म्हणे. ऑफिसचे, घरचे, एकाच पेटीत. पेटीला लाखेचं सील. गुरुवारी आवारातच यंत्राची गाडी येणार, समोर चुरा करणार. साक्षीदार अधिकारी: अस्मादिक.
बायकोचा, वसुधाचा, त्यातच आहे. डबा खाताना तिचा आवाज ऐकायचो.

१९, मंगळ
संस्कृत मी शिकलो, पूजा सांगायची ती. इथे कोलकात्यात चतुर्थीला मराठी गुरुजी मिळायची मारामार, म्हणून एका वर्षी तिनं सगळी पूजा रेकॉर्ड केली, मला 'पंडित' म्हणून मारलेल्या टोमण्यांसकट. ती गेली तरी दर चतुर्थीला तीच सांगते. प्रत का नाही काढली? प्रती गेलेल्या माणसांच्या काढतात.
सेनदांना विचारलं. साहेब असूनही ओशाळले. म्हणाले, पाठकदा, आत लोकांचे पेन्शनचे कागद आहेत, एकही कॉम्प्युटरला लावायचा नाही असा नियम. नियमाचा मसुदा माझाच. वाक्यरचना निर्दोष आहे.
पण वसुधानं लाल दोरा बांधलाय. पेटी उघडली की नुसता उचलायचा. सेनदा त्या वेळी दुसरीकडे बघतील, असं वाटलं.

२१, गुरु
सह्यांचे कागद आणायला आत गेलो तेवढ्यात लाख फोडली. यंत्रावरच्या मंडलबाबूंनी आधी टोपणं, साखळ्या, दोरे काढून ट्रेमध्ये टाकले. दोरा गेला तर पातं अडकतं. त्यांचं काम चोख.
लाल दोरा ट्रेमध्ये, गाठीसकट. पेटीत सगळे काळे, सारखे.
सेनदा खरंच पाठ करून उभे होते. बराच वेळ.
मंडलबाबूंनी विचारलं, "दादा, चालू करू?"
"करा."
सुपारी कातरल्यासारखा आवाज. वेदान्तातला साक्षी नुसता पाहतो, आमच्याला सहीही करावी लागते. चुरा अक्षतांएवढा.
दोरा खिशात टाकला. दोऱ्यावर डेटा नसतो.

२३, शनि
मखर काढलं. स्वयंपाकघरात कोणीतरी षोडशोपचार मोजतंय. नळ होता. बंद केला. तरी

२७, बुध. चतुर्थी
मीच सांगितली, मीच केली. फुलाला डावा हात पुढे झाला.
"उजवा, पंडित."
पंखा बंद करून ऐकलं. मागे वळलो नाही. हात बदलला.
दुपारी मुक्ताचा पुण्याहून फोन. लेकीला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, कोलकाता सोडताना आईनं मलाही एक दिला होता. लाल दोऱ्याचाच. काय आहे त्यात, कधी बघायचं धाडस नाही झालं. आता लावू?"
म्हटलं, देव घरात आहेत, विसर्जन होऊ दे.
"आपला तर दीड दिवसाचा. म्हणजे उद्या संध्याकाळी लावते."
म्हटलं, यंदा दहा दिवस ठेवतोय.