खारट म्हणायचं कुणी?

मंगळवार, ७ मे

आज परत! खिडकीजवळच्या टेबलावर मांसाची अर्धी पाई तशीच. "कसं होतं जेवण?" — "छान! अगदी छान!" बाई हसल्या, नवराही हसला, आणि दोघांनी मिळून पाण्याचा आणखी एक जग मागितला.

खारट आहे. ढळढळीत खारट. महिना होत आला, माझ्या नवऱ्याच्या, डंकनच्या हातचं सगळं असंच. बैलाच्या गालाची पाई, धुरी दिलेला मासा, ग्रेव्ही — कुस्करलेले बटाटेसुद्धा! आणि आमच्या अख्ख्या कॅम्बरवेल वस्तीत एक माणूस तक्रार करत नाही. ताट सरकवतात, "छान" म्हणतात, टीप ठेवतात आणि परत येत नाहीत.

बुधवार, ८ मे

दुपारी दार उघडायच्या आधी डंकन चमचा घेऊन बारपाशी आला. पब घेतला तेव्हापासूनची आमची रीत — शिजलं की पहिला घास माझा, कारण गिऱ्हाइकांना काय चांगलं झालंय ते सांगायचं मला असतं. "कसं झालंय?" तोंडात नुसतं मीठ. मी म्हणाले, "छान!"

स्वतः चाखतही नाही हल्ली. एवढी घमेंड!

शुक्रवार, १० मे

सिरिल म्हातारा बारच्या कोपऱ्यात. दर शुक्रवारी पाई खाणारा माणूस, आज नुसती बियर.

"काय हो, भूक नाही?"

"घरून जेवून आलो, पोरी. डॉक्टरनं सांगितलंय, बाहेरचं जरा कमी."

खिशातून सँडविचचा कागद डोकावत होता. मागच्या शुक्रवारी त्यानं पाई टेबलाखाली कुत्र्याला दिली होती, तेव्हा कुत्र्यानं पाण्याचा वाडगा दोनदा चाटूनपुसून रिकामा केला. मी पाहिलं. मी पाहिलं हे त्यानंही पाहिलं. मग आम्ही हवापाण्यावर बोललो.

मंगळवार, १४ मे

प्रेस्कॉटचा फोन. ब्रुअरीचा, म्हणजे बियर कंपनीचा साहेब — इमारत त्यांची, आमचा भाडेकरार जूनमध्ये संपतोय, आणि तो पुढे चालवायचा की वर फ्लॅट बांधायचे हे या माणसाच्या हातात. "येत्या रविवारी सहकुटुंब जेवायलाच येतो. बियरचा खप तर भलताच वाढलाय हो तुमचा!"

वाढणारच! माणसं तहानेनं मरतायत!

डंकनला सांगितलं. तो कांदा चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "नाहीच मिळाला करार, तर तिकडे उत्तरेला, बेरिकला भावाकडे जाऊ. तिथं निदान शांतता आहे."

शांतता? बारा वर्षं इथं हाडं झिजवली आणि याला शांतता सुचतेय?

गुरुवार, १६ मे

आज पाहिलं. डंकननं भांड्यात मूठभर मीठ टाकलं, थांबला, आणखी अर्धी मूठ टाकली. अंदाज चुकलेल्या माणसासारखा नाही हो — अगदी ठरवून! आणि सरळ माझ्यासमोर चमचा. "कसं झालंय?" टक लावून माझ्या तोंडाकडे बघत होता.

मुद्दाम करतोय. बेरिकला जायचंय त्याला, आणि "मला हा पब नको" असं तोंडानं सांगायची हिंमत नाही. म्हणून असा बुडवतोय. माझा नवरा! मला इतका राग आलाय की पेन हातात धरवत नाही.

आणि तरीही "छान" म्हणाले. आमच्या घरात जेवणाला कधी कुणी नाव ठेवलं नाही. काकूकडे आईच्या सॅलडमध्ये गोगलगाय निघाली होती. आईनं ती पानाखाली ढकलली, उरलेलं संपवलं आणि वर आणखी थोडं मागून घेतलं. आम्ही तेच दूध प्यायलेलो.

शुक्रवार, १७ मे

सांगायचं ठरवलं. सांगितलं नाही.

शनिवार, १८ मे

आमची वेट्रेस फोलाके ताटं उचलता उचलता म्हणाली, "जिन, आमच्याकडे असं रांधलं असतं ना, मावशीनं ताट परत पाठवलं असतं आणि मागोमाग स्वतः स्वयंपाकघरात घुसली असती. तुम्ही इंग्रज लोक काय चीज आहात! मी सांगू का त्याला?"

"खबरदार! उद्या प्रेस्कॉट येतोय. आज डंकनचं डोकं फिरलं तर उद्या शिजवणार कोण?"

"जे शिजवेल ते खाणार कोण, ते सांग आधी."

मी ग्लास पुसत बसले.

रविवार, १९ मे

सकाळी ग्रेव्हीचा चमचा. डंकननं तो स्वतः माझ्या ओठांपाशी धरला. "नीट चाख, जिन. आज महत्त्वाचं आहे. खरं सांग. कसं झालंय?"

माझी परीक्षा बघतोय, असंच वाटलं. मुद्दाम! माझ्या तोंडून वदवून घ्यायचंय, म्हणजे भांडण मी सुरू केलं असं होईल. मीही काही कमी नाही. डोळ्यांत बघून म्हणाले, "छान!"

त्यानं सुटकेचा श्वास सोडला आणि आत गेला. हे काय नाटक, कळेना.

प्रेस्कॉट, त्याची बायको आणि त्याच्या सासूबाई आले. रोस्ट बीफ, यॉर्कशायर पुडिंगच्या फुगलेल्या खमंग वाट्या, भाजलेली गाजरं. पहिल्या घासाला सासूबाईंनी डोळे मिटले. प्रेस्कॉटनं दुसरी बियर मागवली, मग तिसरी. सगळ्यांचे सुरी-काटे नीट शेजारी शेजारी, म्हणजे जेवण झालं. "छान! फारच... वेगळं! कळवतो तुम्हाला." ताटं आत नेली तर पुडिंगखाली मांस दडवलेलं. तिघांच्याही!

गेला पब. उद्या विचारणार. तोंडावर विचारणार.

सोमवार, २० मे

विचारलं. "मुद्दाम करतोस ना? एवढं मीठ?"

डंकन बटाट्यांच्या पोत्यावर बसला. "खारट होतं?"

"महिनाभर!"

 मग म्हणाला, "इस्टरला मला ताप आला होता ना, तेव्हापासून चवच लागत नाही, जिन. कुणाला कळलं तर संपलोच, म्हणून बोललो नाही. तुझ्या जिभेच्या भरवशावर शिजवत होतो."