उत्तरेच्या दाराजवळचं टेबल

शनिवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळी.

सगळ्यांच्या आधी आज कोण आलं असेल तर तो पन्हळवाला. बंदुकांचं प्रदर्शन, आणि हॉलचं दार उघडायच्या आत हा घराच्या छपराच्या पन्हळी मांडून बसलेला. कोल्टन नाव. धड दाढी आलेली नाही अजून. मी गाडीतून मोज्यांची खोकी उतरवत होते तर धावत आला, म्हणाला द्या आजी इकडे. खोकी आत नेऊन ठेवली आणि लगेच विचारतो, तुमच्या घराला पन्हळी आहेत का. म्हणजे मदत कसली, गिऱ्हाईक गाठायची तऱ्हा. माझ्या नवऱ्याच्या, हर्शेलच्या वेळी असली चिकट माणसं दाराच्या बाहेरूनच परत गेली असती.

उत्तरेच्या दाराजवळचं टेबल हर्शेलचं. बंदुकांचा क्लब निघाला तेव्हापासून त्याचं. टेबलभर जुन्या बंदुका, एकीलाही धूळ नाही, मध्ये निळी फीत, उत्तम टेबलाचं बक्षीस. मी मागे खुर्चीवर विणत बसायची. दारातून येणारा प्रत्येक माणूस आधी हर्शेलला रामराम करून मगच पुढे जायचा. आता तो गेला. मी आहे, आणि त्याची दुनळी बंदूक आहे. बाकीच्या बंदुका नातवंडांच्या लग्नांत गेल्या, एक जावयाला, दोन-तीन छपराच्या कामात. टेबल रिकामं दिसू नये म्हणून मी मोजे ठेवते. बंदुकीला घालायचे लांब लोकरी मोजे. मोज्यांच्या शेजारी बरण्या, सफरचंदाचा मुरंबा. बरण्यांच्या शेजारी कोंबडीच्या आकाराच्या छोट्या गाद्या, गरम भांडी धरायच्या. दुनळीला सगळ्यात छान मोजा आहे, हर्शेलचा लाल स्वेटर उसवून केलेला. लोक म्हणतात काढून दाखवा. मी काढत नाही. एकदा काढला की दहा जणांचे हात लागतात.

घरात हर्शेलचं नाव घेणारं कोणी नाही. कार्ला, माझी मुलगी, कॅन्सस सिटीला. प्रदर्शनात मात्र वर्षातून चार वेळा कोणीतरी येऊन म्हणतंच, हर्शेलचं टेबल ना हे. एवढ्यासाठी मी मरेपर्यंत ते टेबल सोडणार नाही. हे एकदा लिहून ठेवते.

गुडघा ठीक. डोनट मऊ नव्हते.

रविवार, ११ फेब्रुवारी.

दर्जा म्हणून काही राहिला नाही. आज चक्कर मारली. सुकवलेलं मांस, गॉगल, पाय चोळायचं यंत्र, उशा, परत सुकवलेलं मांस. बंदुका कुठं आहेत? एक बाई तर साबण विकत होती. मी तिला तोंडावर म्हटलं, बाई, हे बंदुकांचं प्रदर्शन आहे. ती माझ्या टेबलाकडे बघून हसली. माणूस उगाच हसतं तेव्हा त्याच्याकडे उत्तर नसतं.

आणि चिकटपणा तरी किती. पाय चोळणाऱ्याने मला हाताला धरून खुर्चीत बसवलंच. मी तसली नाही. मी कधी कोणाला हाक मारत नाही. त्या गोंगाटात लोकांना ऐकू येत नाही म्हणून फार तर बाहीला धरते. आज एक उंच माणूस खांद्यावर रायफल घेऊन एमेटशी बोलत उभा होता. त्याचं बोलणं मोडायला नको म्हणून मी गुपचूप मागून रायफलीवर मोजा चढवूनच टाकला. काय सुरेख बसला. त्याने काढून परत दिला. लाजाळू दिसला.

एमेट म्हणजे शेजारच्या टेबलाचा, हर्शेलचा जन्माचा दोस्त. ठासणीच्या बंदुका जमवतो, बोलतो कमी. माझ्या थोड्या बरण्या त्याच्या टेबलावर सरकलेल्या असतात, त्याच्याही टेबलाला रंग येतो. तो हळूच म्हणाला, वहिनी, कमिटीकडे तक्रारी आल्यात, उत्तरेच्या दाराशी कोणीतरी लोकांना बाहीला धरून ओढतं म्हणे. मी म्हटलं, अगदी खरं, त्या पन्हळवाल्याला चांगलं सांगायला हवं. एमेटने माझी एक बरणी सरळ केली. मग म्हणाला, लोकर ओल धरते वहिनी, दुनळीला मोजा नको. हे तो दर वेळी म्हणतो. एमेटला सगळंच ओलं दिसतं.

मी सातवीपर्यंत शिकले, पण सभेत बोलायला शाळा लागत नाही. क्लबच्या मार्चच्या सभेत उभी राहणार. ठरलं.

मंगळवार, ५ मार्च. सभेहून आल्यावर.

हर्शेल असायला हवा होता.

निळा ड्रेस घातला. उभी राहिले आणि जे मनात होतं ते बोलले. की हे प्रदर्शन आपल्या माणसांनी उभं केलं, आणि आज तिथं पन्हळी आहेत. की जो येतो तो काहीतरी गळ्यात मारायला येतो. म्हणून नियम करा, ज्याच्या टेबलावर अर्ध्याहून जास्त बंदुका नाहीत त्याला टेबल नाही. मग तो कोणीही असो. हे शेवटचं मी जोरात म्हटलं.

सगळ्यांच्या माना वेंडेलकडे वळल्या. वेंडेल अध्यक्ष आहे, हर्शेलच्या हाताखाली नेम धरायला शिकलेला. तो म्हणाला, "वेल्डाकाकू, नक्की ना? कोणीही?" मी म्हटलं कोणीही. त्याने परत विचारलं. मला वाटतं त्याला ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून मी पुन्हा म्हटलं.

बाई गं, काय हात वर झाले. इतक्या पटकन की वेंडेलचं वाक्य पुरं व्हायच्या आत. मागच्या रांगेत कोणी टाळ्यासुद्धा वाजवल्या. खजिनदाराची बायको माझ्याकडे कधी बघत नाही, तिने दोन्ही हात वर केले.

एकट्या एमेटने हात वर केला नाही. टोपी गुडघ्यावर ठेवून टोपीकडे बघत बसला. इतक्या वर्षांचा शेजार, आणि ऐन वेळी हे. मनातून फार वाईट वाटलं. परत येताना त्याच्याच गाडीतून आले पण बोलले नाही.

नियम जूनच्या प्रदर्शनापासून.

बुधवार, ६ मार्च.

कार्लाला फोन केला. सगळं सांगितलं, टाळ्यांसकट. ती म्हणाली, आई, तुझ्या टेबलावर बंदुका किती आहेत. मी म्हटलं एक, पण कशी. तिने मला आकडा परत सांगायला लावला. मग म्हणाली, मागे घे तो ठराव. मी म्हटलं असं बरं दिसतं का, एवढ्या लोकांनी विश्वास टाकला. ती म्हणाली, मग निदान मोजे कमी मांड. पोरी शहरात गेल्या की त्यांना आईचं कौतुक सोसत नाही. शेजारणीच्या पोरीचंही तसंच, ती तर नाताळलाही येत नाही.

मोजे कमी मांडायचा मात्र विचार केला. मग लक्षात आलं की ईस्टर जवळ आलाय, सशांचा सण. सशाच्या कानांचे मोजे घ्यायला हवेत करायला.

शनिवार, १३ एप्रिल. संध्याकाळी.

आनंदात गेला दिवस. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला नियम सांगितला. काही जण दुसऱ्या दाराने आत गेले, तिकडे गर्दी कमी असते.

पन्हळवाल्यालाही सांगितला, अगदी पोटतिडकीने. बाळा, हे तुझं शेवटचं प्रदर्शन, मनाला लावून घेऊ नको. तो पोरगा माझी कॉफी पीत उभा होता. म्हणाला, आजी, म्हणजे बंदुका ठेवल्या की झालं? मामाच्या तळघरात पडून आहेत कितीतरी. मी म्हटलं, हो, पण टेबल भरलं पाहिजे. त्याने मान हलवली आणि माझं टेबल लांबीरुंदीने नीट बघितलं. हरलेला माणूस असाच बघतो.

सशाच्या कानांचे मोजे लोकांनी हातात घेऊन पाहिले. विकले गेले नाहीत पण हसले सगळे. चांगला माल ओळखायला वेळ लागतो.

एक तरुण मुलगा बायकोला म्हणाला, हे बघ ते मोज्यांचं टेबल. मी त्याला थांबवून सांगितलं, हर्शेलचं टेबल म्हणायचं. तो म्हणाला, हर्शेल कोण?

बायकोने त्याला कोपराने ढोसलं. मुरंब्याची एक बरणी घेऊन गेले दोघं. पैसे राहिले द्यायचे, गडबडीत.

शुक्रवार, २४ मे.

जूनची तालीम केली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हिरवा कपडा घातला आणि दुनळी ठेवली, मोज्यासकट, कारण मोज्याने ती जाड दिसते. तरी जागा फार उरते. मग तिरपी ठेवली, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. तरी उरते. हर्शेल साफ करायला तिचे नळी आणि दस्ता वेगळे करायचा, तसं करून दोन ठिकाणी ठेवावं असा विचार आला, पण मला ते उघडता येत नाही. त्याचा जुना फोटो ठेवला, खांद्यावर बंदूक आहे त्यात. फोटोतली बंदूकही बंदूकच. वेंडेल काही मोजपट्टी घेऊन येणार नाही. आमच्याच घरी वाढलाय.

कार्लाने विचारलं, एमेटकडून चार बंदुका का मागून आणत नाहीस. ज्याने हात वर केला नाही त्याच्याकडे मी मागू? आणि नियम काही माझ्यासारख्यांसाठी नाहीच.

आज विणायला बसले तर टाके सुटत होते. डोळ्यांचं काहीतरी.

रविवार, २ जून. दुपारी.

सकाळीच वेंडेलचा फोन, चर्च झाल्यावर येऊ का, एमेटही आहे बरोबर. मी ओळखलं. पुढच्या शनिवारनंतरच्या शनिवारी प्रदर्शन, आणि नियम करणाऱ्या बाईला फीत द्यायची तर आधी विचारणार ना. काळ्या अक्रोडाचा केक केला. निळा ड्रेस घातला. दुनळी टेबलावर आणून ठेवली, फीत लावायला बरी.

आधी वेंडेल उतरला. एमेट बराच वेळ गाडीत बसून होता, मग आला. हातात टोपी. वेंडेल पावसाबद्दल बोलला, मक्याबद्दल, बायकोच्या ऑपरेशनबद्दल. केकचे दोन तुकडे खाल्ले. मग ताटली बाजूला सरकवून म्हणाला, "वेल्डाकाकू, तुमच्या टेबलावर बंदूक एकच आहे."

मी म्हटलं, आणि ती हर्शेलची.

"नियम तुमचाच आहे, काकू."

मी म्हटलं, तो त्या पन्हळवाल्यासाठी होता. वेंडेल म्हणाला, कोल्टनने मामाच्या रायफली आणल्यात, टेबल गच्च भरतं, नियमात बसतो तो. उत्तरेच्या दाराजवळची जागा मागत होता. मी विचारलं, दिली? वेंडेलने खिडकीतून बाहेर बघितलं. म्हणाला, दिली.

मी अजून केक कापला. कोणी घेतला नाही.

मग एमेट बोलला. "वहिनी, दुनळी माझ्या टेबलावर मांडू. हर्शेलच्या नावाची पाटी करतो मी, मोठ्या अक्षरात. तुम्ही खुर्ची घेऊन माझ्या मागे बसा. विणा हवं तेवढं. फक्त विकायचं नाही, आणि दारात उभं राहायचं नाही."

दारात उभं राहायचं नाही हे त्याने फार हळू म्हटलं. हॉलमध्ये म्हणाला होता तसंच, तक्रारीचं सांगताना. बाहीला धरणारं कोण, ते मी तेव्हा विचारलं नव्हतं. आजही विचारलं नाही.

मी म्हटलं, बघू दे तरी ती पाटीशेजारी कशी दिसेल. आणि लाल मोजा काढला. हर्शेल गेल्यापासून काढलाच नव्हता बहुतेक. नळ्यांवर तांबूस डाग. नुसते इथे तिथे नाही, पार टोकापर्यंत, विणीचे टाके उमटावेत तसे. वेंडेल उठून पाणी प्यायला गेला. मी म्हटलं, मुरंबा सांडला असेल.

एमेट म्हणाला, "असेल." खिशातला रुमाल काढून त्याने पुसून बघितलं. रुमाल तांबडा झाला. त्याने तो घडी करून परत खिशात ठेवला, मला दिसू नये असा. म्हणाला, वरवरचं आहे, तेल आणि बारीक तारेचा काथ्या लावला की निघेल, हर्शेलने मला शिकवलंय.

या घरात हर्शेलचं नाव घेतलं त्याने, आज दोनदा.

गेले दोघं. दुनळी टेबलावर उघडी आहे. मोजा कपाटात ठेवला.

तेल घेऊन परत येतो म्हणाला एमेट. गुरुवारी, सहा जूनला, दुपारच्या जेवणानंतर.