माझा वार बुधवार

सर, गेल्या आठवड्यात कॉलेजमधून फोन आला होता. माजी विद्यार्थ्यांचा मेळावा भरतोय, स्मरणिका निघणार आहे, आणि तिच्यासाठी मी 'कॉलेजशी नातं टिकवा' अशा अर्थाचं दोनशे शब्दांचं आवाहन लिहून द्यावं, असं तिथल्या बाई म्हणाल्या. आम्ही इस्पितळात जे काम करतो त्याचा सत्कारही त्याच दिवशी होणार आहे. ते काम तुम्ही गेल्यानंतरचं, त्यामुळे तुम्हाला ठाऊक नाही, सांगते पुढे. मी हो म्हटलं आणि तीन संध्याकाळ कागद पुढ्यात घेऊन बसले, पण 'माजी विद्यार्थी बंधू-भगिनींनो' याच्यापुढे काही सरकेना. हे आवाहन तुम्ही आम्हाला जन्मभर करत होता आणि ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांत मी होते. तेव्हा म्हटलं, आधी तुम्हाला लिहावं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. मी आता चोपन्न वर्षांची आहे. आम्हाला शिकवायला लागलात तेव्हा तुम्ही माझ्या आजच्या वयाहून कितीतरी लहान होता, हे लिहिताना माझं मलाच विचित्र वाटतं.

वर्गात तुम्ही अगदी पुस्तकी मराठीत रसायनशास्त्र शिकवायचात आणि रागावलात की मालवणीवर यायचात. त्यामुळे तुमची मालवणी आम्ही फार ऐकली नाही, पण ऐकली ती विसरलो नाही. दुसऱ्या वर्षाला असताना आपलं एन.एस.एस.चं शिबिर कुडाळच्या पलीकडे एका गावात होतं. प्राथमिक शाळेत डोळ्यांची तपासणी ठेवली होती. माझं अक्षर चांगलं म्हणून मला दाराशी टेबल दिलं होतं, आलेल्यांची नावं लिहून त्यांना रांगेत पाठवायचं. सकाळपासून माणसं येतायत, मी लिहितेय, आणि मला वाटतंय की सगळं शिबिर माझ्यामुळेच चाललंय. एक म्हातारी आली. नऊवारी, हातात काठी, नातेवाईक कोणी नाही. तिनं विचारलं, "गो बाय, माका खंय जावचा?" मी वहीतून मान वर न करता म्हटलं, "आजी, तिथे बोर्ड लावलाय ना, वाचा की." ती नुसती तिथेच उभी राहिली. तुम्ही माझ्या पाठीमागे होता. तुम्ही माझ्या हातातलं पेन काढून घेतलंत.

"तिका दिसणा नाय म्हणानच ती हयसर इली आसा," तुम्ही म्हणालात, "आणि तू तिका बोर्ड दाखवतंस?"

सगळी मुलं बघत होती. मला वाटलं, तेवढ्यावर सुटेन. पण तुम्ही म्हणालात, "ऊठ. तिच्या वांगडा रांगेत उभी रव. तिचो नंबर लागासर." मी उठले. तिनं माझं कोपर धरलं आणि साडेअकरा ते सव्वातीन मी रांगेत होते. तुमचा मला इतका राग आला होता की पहिला तासभर मी तिच्याशी बोललेही नाही. ती मात्र बोलत होती. तिचा मुलगा मुंबईत गिरणीत होता तो, तिची कापणी राहिलेली, शेजारणीची गाय तिच्या अंगणात येते ती. मधेच तिनं ओटीतून दोन काजूगर काढून माझ्या हातावर ठेवले. टेबलाच्या मागून मी सकाळभर त्या रांगेकडे बघत होते, पण रांगेत किती वेळ काहीच घडत नाही, पुढे गेलेला माणूस परत येऊन काय झालं ते सांगत नाही, आणि लघवीला जायचं तर जागा जाईल म्हणून बायका तशाच उभ्या राहतात, हे मला टेबलावरून दिसलं नव्हतं. संध्याकाळी तुम्ही मला चहा आणून दिलात.

मला गोव्यात औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी लागली तेव्हा पेढे घेऊन मी तुमच्या घरी आले होते. मालवणच्या वाटेवरचं ते कौलारू घर, मागे माडांची रांग, चुलीवर काकींचं काहीतरी रटरटत असलेलं. तुम्ही आतून एक पाकीट आणलंत. मला वाटलं पुस्तक असेल. पंधरा पोस्टकार्डं होती, प्रत्येकावर तुमच्या हातानं तुमचाच पत्ता लिहिलेला. प्रत्येक मुलाला तुम्ही अशी कार्डं देत होता हे मला नंतर कळलं. "सहा महिन्यान एक टाक," तुम्ही म्हणालात. "फक्त 'बरी आसंय' लिवलंस तरी चालात. पण पत्तो बदललो तर कळव." काकी चुलीकडून म्हणाल्या, "ह्येंका सगळ्यांची हजेरी घेवची सवय. कॉलेज सुटला तरी हजेरी सुटणा नाय." आपण तिघं हसलो. मी दोन कार्डं टाकली. तिसरं लिहायचं राहिलं, मग लग्न झालं, म्हापशाला घर केलं, आणि इतके दिवस लिहिलं नाही तर आता एका ओळीत काय लिहायचं, असं वाटायला लागलं. उशीर जितका वाढतो तितकं पत्र मोठं लिहावं लागेल असं वाटतं, आणि मोठं पत्र लिहायला वेळ कधीच नसतो. उरलेली कार्डं कुठल्यातरी घरबदलात गेली.

आता तुमच्या शेवटच्या आठवड्याचं लिहिते. मंगळवारी मला आपल्या वर्गातल्या बांद्याच्या मुलाचा फोन आला. मुलगा म्हणतेय, पण त्याचंही डोकं आता पांढरं झालंय. हायवेला त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्याच्याशी तेवढा संबंध राहिला होता. तो म्हणाला, "सरांका गोव्याच्या सरकारी इस्पितळात आणल्यानी आसा. हृदयाचा आसा. वांगडा काकी एकटीच. माझ्या बापाशीचा वर्षश्राद्ध उद्या, मी परवा जातंय. तू थंयच आसंस, तू जा." माझ्या घरापासून ते इस्पितळ अर्ध्या तासावर. मी म्हटलं, जाते. त्या आठवड्यात कारखान्यात ऑडिट होतं हे खरं. पण संध्याकाळी सहाला मी घरी येत होते हेही खरं. बुधवारी मी बसस्टँडपर्यंत गेले आणि परत आले. तुमच्या खाटेपाशी उभं राहून इतक्या वर्षांचं काय सांगायचं ते मला सुचेना. म्हटलं, रविवारी सावकाश जाऊ, काहीतरी करून नेऊ, निवांत बसू. सर, तुम्ही शनिवारी गेलात.

बाराव्याला मी तुमच्या घरी आले. रडायची तयारी करूनच आले होते. गर्दी पांगल्यावर काकींजवळ बसले आणि म्हटलं, "काकी, मला कळलंच नाही हो वेळेवर." काकींनी माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या नव्हत्या, ते मला जास्त लागलं.

"तुका मंगळवारीच कळला होता," त्या म्हणाल्या. "बांद्याच्या झिलान सांगलेला, ती येता म्हणान. आमी दोगांनी वाट बघली."

मग त्यांनीच सांगायला सुरुवात केली. बुधवारी डॉक्टरांनी रक्ताची बाटली हातात देऊन तपासणीच्या खिडकीवर न्यायला सांगितलं. डॉक्टर चांगले होते, नर्सही चांगल्या होत्या, पण इस्पितळ केवढं मोठं! काकी जन्मात कुडाळच्या बाजारापलीकडे एकट्या गेल्या नव्हत्या. पाच जणांना विचारलं, दोन जिने चढल्या, तीन उतरल्या, शेवटी बाटली पदराखाली धरून एका पायरीवर बसून राहिल्या. दोन तासांनी परतल्या तर तुम्ही खाटेवरून विचारलंत, सापडली का खिडकी? आणि मग म्हणालात, "हय आजूबाजूक आपली चाळीस तरी पोरां आसत. एक जरी आसता तर तुका इतक्या चलाचा लागला नसता." काकींनी तुमची वही आणून माझ्यासमोर ठेवली. प्रत्येक वर्षाची मुलं, कोण कुठे, पत्ते खोडून नवे लिहिलेले. माझ्या नावापुढे माझ्या लग्नाआधीच्या खोलीचा पत्ता आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीनं 'म्हापसा?' असं.

मी म्हटलं, "काकी, मी चुकले." त्या म्हणाल्या, "होय, चुकलंस." मग म्हणाल्या, "माझ्याकडे येवन रडा नको, गो. माका त्याचा काय करूचा? थंय अजून कोणतरी बाटली घेवन फिरत असतली. थंय जावन उभी रव."

मी पुढच्या बुधवारी रजा टाकून गेले. बांद्याच्या मुलाला बरोबर घेतलं. पहिल्या दिवशी आम्ही दोघंच हरवलो. मग सगळे जिने, खिडक्या, कुठला कागद कुठे मागतात, रक्त कुठे, एक्स-रे कुठे, हे पाठ केलं. काकींकडून तुमची वही घेऊन आम्ही एकेकाला शोधत निघालो. काही पत्ते अगदी बरोबर होते, सर. ज्यांनी कार्डं टाकली त्यांचे. जमायला वर्ष लागलं. आज सोमवार ते शनिवार रोज दोघं असतात; बुधवार माझा आणि बांद्याच्या मुलाचा. तुमच्या पहिल्या बॅचचे निवृत्त झालेले आहेत आणि तुम्हाला कधीही न पाहिलेली, परवा पास होऊन पणजीत कामाला लागलेली मुलंही आहेत. कुडाळ, सावंतवाडी, बांद्याकडून सकाळच्या एसटी येतात तेव्हा आम्ही दारात असतो. ओळख पटावी म्हणून गळ्यात कॉलेजचं जुनं ओळखपत्र अडकवतो. माझ्या कार्डावर मी अठरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली. बायका कार्ड बघतात, मला बघतात आणि हसतात. आजारी माणसाला घेऊन आलेलं माणूस दारातच एकदा हसलं की पुढचं सोपं जातं.

मागच्या महिन्यात कुडाळकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. मधल्या सुट्टीनंतर खिडकी उघडायची होती आणि ती सकाळपासून उपाशी रांगेत. मी म्हटलं, "तुमी जावन कायतरी खावन येवा. मी रवतंय तुमच्या जाग्यार." ती गेली, वीस मिनिटांनी आली आणि माझ्यासाठी कागदात दोन भजी घेऊन आली. विचारलं, "तुमचा कोण ऍडमिट आसा?" मी म्हटलं, "कोण नाय." "मगे कित्याक इलात?" याचं उत्तर इतक्या वर्षांत मला नीट देता आलेलं नाही. आमच्यातला कोणी म्हणतो समाजसेवा, कोणी म्हणतो कॉलेजचं नाव. मी म्हटलं, "आमचे एक सर होते." ती म्हणाली, "बरे होते?" मी म्हटलं, "कडक होते." तिला ते पटलं. नंबर लागला आणि ती गेली.

मेळाव्यात आमचं कौतुक होईल. कौतुक व्हावं, नवी मुलं त्यानंच येतात, आणि आम्हाला मंगळवारला माणूस हवाच आहे. पण स्टेजवर नेहमी गोष्ट अशी सांगितली जाते की सर आजारी होते हे कुणालाच कळलं नाही, म्हणून विद्यार्थ्यांनी हे सुरू केलं. मी ती गोष्ट कधी दुरुस्त केली नाही. काकी होत्या तोवर त्यांनीही केली नाही. त्या तीन वर्षांपूर्वी गेल्या. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात सातही दिवस आमच्यातलं कोणी ना कोणी खाटेपाशी होतं, रविवारी मी. या वेळी मी ठरवलंय, स्मरणिकेत खरं लिहायचं. मला कळलं होतं आणि मी गेले नाही, एवढंच. लोकांना पत्ता बदलला तर कळवा म्हणून सांगायचं असेल तर त्याहून दुसरं कारण माझ्यापाशी नाही. हे सगळं पत्र मात्र कुणाला दाखवायचं नाही. ते तुमचं आहे, आणि तुमच्यापर्यंत ते जाणार नाही, हे मला माहीत आहे.

पण आवाहन करणारी बाई फार चांगली आहे असा तुमचा समज नको, म्हणून आणखी एक लिहिते. गेल्या बुधवारी मी गेले नाही. सकाळी बांद्याच्या मुलाला फोन करून सांगितलं की अंगात ताप आहे. तो म्हणाला, "नीज तू. मी बघतंय." मी दुपारपर्यंत टीव्ही बघितला, केस धुतले, खिडकीत बसून पेरू खाल्ला. तीन वाजता त्याच्या मोटरसायकलचा आवाज आला आणि मी धावत जाऊन ओले केस टॉवेलात गुंडाळून अंगावर चादर ओढली. सकाळी आठपासून एकटा उभा राहून तो तसाच आला होता. तो घरून निघतानाच त्याच्या बायकोनं पेज आणि लिंबाचं लोणचं डब्यात घालून दिलं होतं. "ताप उतारलो?" त्यानं दारातूनच विचारलं. मी म्हटलं, "उतारलो." तो गेल्यावर मी पेज पोटभर जेवले, लोणच्याचा डबाही पुसून खाल्ला. सर, मला ताप नव्हता. नुसता कंटाळा आला होता.