पाडव्याचा निंब

वाशीम, चैत्र

माय,
तुह्या पायावर इंद्रभानचं डोकं.

मी खाऊनपिऊन बरा आहे. तुहा खोकला थांबला का?

तू आपल्या धनज गावावरून देलेल्या निंबोळ्यायची रोपं बाजाराच्या उघड्या मैदानात माह्या छातीएवढी झाली होती. मोहल्ल्यातल्या एकेका घरानं एकेक रोप वाटून घेतलं होतं. बाया घरचं पानी तोडून त्याले घालत. पुढं बाजारकऱ्यायले सावली होईन, असं समद्यायले वाटे.

पाडव्याच्या सकाळी गुढीले आपल्याच झाडाचा निंब पाहिजे म्हनून जो तो आला. कोवळे शेंडे मोडले, साल बुडापर्यंत सोलली गेली. कोनाच्या मनात वाईट नव्हतं, माय. मी पोचलो तवा गुढ्या उभ्या झाल्या होत्या. पहिला मान रोपं लावनाऱ्या माळ्याचा म्हनून मोहल्ल्यातल्या गिरजाबाईनं निंब-गूळ माह्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

आता मैदानात नुसत्या वाळल्या काड्या आहेत. बाया अजूनही रोज पानी घालून राह्यल्या. पालवी कधी फुटन म्हनून मले इचारतात. मी म्हनतो, फुटन.

आंगनातल्या निंबाले फूल आलं का? यंदा माह्यासाठी निंबोळ्या येचू नको.

तुहं लेकरू,
इंद्रभान